साहेबांचा जिल्हा कोणता?

घरत बाई अगदी कावून गेल्या होत्या. त्यांच्या सातवीच्या मुलांनी मिळून तालुक्याच्या माहितीचं संकेतस्थळ केलं होतं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं चूक काढायची, आणि भूगोलावरून वर्गात चक्क भांडणं व्हायची. पण तपासणीला आलेले शिक्षणाधिकारी वाकोडे साहेब सकाळपासून एकच पालुपद धरून बसले होते.

“कुणीही उठावं आणि मजकूर बदलावा? हा पोरखेळ आजच बंद करा! पुस्तक बघा, इतक्या वर्षांत एक काना बदललेला नाही. तेच प्रमाण.”

प्रत्येक बदल कुणी आणि कशाच्या आधारे केला, हे बाईंनी परोपरीनं दाखवलं. साहेब ढिम्म! शेवटी बाईंनी भूगोलाचं पुस्तकच त्यांच्यापुढे उघडलं.

“बरं साहेब, पुस्तक प्रमाण. पण जिल्ह्याचं विभाजन झालं, ते यात आलेलंच नाही. म्हणजे आपली शाळा अजून जुन्या जिल्ह्यात. मग बंदीचा हुकूम तिकडच्या साहेबांनी द्यायला हवा. तुम्ही तर नव्या जिल्ह्याचे, म्हणजे आमचे पाहुणे!”

मुलं खुदकन हसली. साहेबांनी घसा खाकरला.

“संकेतस्थळावर जिल्हा बरोबर आहे ना?”

“हो. मुलांनीच दुरुस्त केला.”

“मग राहू द्या चालू,” म्हणत साहेबांनी पुस्तक मिटलं.