डोलीचा पुढचा खांदा

फार जुनी गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एक छोटं गाव होतं. वैद्य राहायचा घाटापलीकडे, आणि वाट अशी अवघड की म्हातारी, आजारी माणसं गावातच अडकून पडायची.

गावातल्या रायाजीला हे बघवेना. त्याने एक डोली बांधली. तो, धाकटा भाऊ सिदू, जावई आणि भाचा, असे चौघे ती उचलायचे. मुलगी मैना पाण्याची घागर घेऊन सोबत चालायची. बायको ठकूबाई निघणाऱ्या प्रत्येकाला आधी ताक पाजायची. "डोलीत बसलं ते आपल्या घरचं माणूस," असं रायाजी म्हणायचा.

तो नेहमी पुढे असायचा. मागच्यांना पायाखालची वाट दिसत नाही, म्हणून पुढून हाळी देत जायचा, "डावीकडे दगड! आता उतार!" वीस वर्षांत डोली एकदाही कलंडली नव्हती.

एका सकाळी डोलीत एक आजोबा बसले होते. रायाजी दांडी उचलायला वाकला आणि तसाच खाली बसला. पुन्हा उठलाच नाही.

कुणाला खरंच वाटेना. ठकूबाई त्याला हलवत म्हणत राहिली, "अहो, उठा ना. माणूस खोळंबलंय." आजोबांना डोलीतून उतरायचंही सुचलं नाही. सिदू मागची दांडी धरून तसाच उभा होता. बऱ्याच वेळाने कुणीतरी त्याची बोटं सोडवली.

पाचव्या दिवशी कुंभाराच्या घरून निरोप आला. त्याची म्हातारी आई तापाने फणफणली होती, वैद्याकडे न्यायलाच हवं होतं.

तिघे निघाले. सिदूने दांडीला पुढच्या बाजूला रायाजीचं पागोटं बांधलं आणि बजावलं, "दादाच्या जागी कुणी उभं राहायचं नाही. वाटेत कुणी हाळीही द्यायची नाही. तो मान दादाचा."

पुढे एकटा भाचा, मागे सिदू आणि जावई. मैना घागर घेऊन बाजूने चालत होती. वळणावर एक निसरडा दगड होता. भाच्याने तो पाहिला, ओलांडला आणि गप्प राहिला. मागे जावयाचा पाय सटकला. डोली कलंडली आणि म्हातारी थेट दरीच्या काठावर जाऊन पडली.

सगळे दगडासारखे उभे. मैनाने घागर टाकली आणि धावत जाऊन तिला मागे ओढलं.

म्हातारी थरथरत म्हणाली, "रायाजीने मला कधी पडू दिलं नसतं रे! आणि तुम्ही त्याच्याच नावाने पाडलंत?"

सिदूने तिला उचलून पुन्हा डोलीत बसवलं. मैनाने पागोटं सोडून कमरेला गुंडाळलं आणि पुढच्या दांडीखाली खांदा दिला.

"मैने, ती दादाची जागा आहे," सिदू कसाबसा म्हणाला.

"काका, ती जागा पुढचं बघून मागच्यांना सांगणाऱ्याची आहे. उचला."

डोली उठली. मैना ओरडली, "उजवीकडे खड्डा!"

"कळलं, पोरी!" मागून सिदूने उत्तर दिलं.

म्हातारी वेळेवर वैद्याकडे पोचली आणि वाचली. तिला आत नेल्यावर तिघांनी आणि मैनाने डोली अंगणात टेकवली. पाच दिवस त्या घरातलं कुणी रडलं नव्हतं. त्या परक्या अंगणात चौघेही एकमेकांना धरून हमसून हमसून रडले.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची जागा मोकळी ठेवली की फक्त आपलं दुःख जपलं जातं; पण त्याने ज्यांना जपलं त्यांना जपायचं असेल, तर तिथे कुणीतरी उभं राहावंच लागतं.