मोहाचं तळं आणि दोन द्रोण

एका रानात मोहाच्या झाडांखाली झोपल्यासारखं पडलेलं एक तळं होतं. त्या तळ्यात एक बेडकीण, नुकतीच शेपूट गळून चार पायांवर आलेली तिची थोरली लेक आणि अजून पायच न फुटलेली अठ्ठावीस धाकटी पिल्लं राहत असत. शेजारी एक गोगलगाय राही. ती कमळाच्या पानावर लहानग्यांची शाळा घेई. काठच्या बांधात एक खेकडा आणि त्याचे भाऊबंद होते, आणि तळाशी या साऱ्यांचा म्हातारा पुढारी, एक कासव.

त्या वर्षी मोह फार फुलला. पहाटेपासून फुलं टपटप पाण्यात पडत आणि तिथंच आंबत. पाण्याला गोड, जड वास सुटला. बारीक पांढऱ्या कणांची अशी दाटी झाली, की जणू कुणी तळ्यात ताक ओतलंय. मासे पोहता पोहता पेंगू लागले. पाणकोंबडी भलत्याच घरट्यात जाऊन बसली आणि तिथल्या अंड्यांना आपलंच समजून अंगाई म्हणू लागली. सगळं तळं स्वप्नात डुलत होतं. पण पिल्लांना श्वास पुरेना, ते काही स्वप्न नव्हतं. तेव्हा कासवानं खेकड्यांना हुकूम सोडला, "परवा उन्हं वर आली की बांध फोडा. हे पाणी ओढ्याला जाऊ दे. मासे झऱ्याच्या तोंडाशी तग धरतील, झरा तळं पुन्हा भरील."

"आजोबा, माझ्या पिल्लांना पाय नाहीत हो अजून," बेडकीण काकुळतीला आली. "पाण्याबरोबर तीही जातील. आठ दिवस थांबा ना."

"आठ दिवसांत मासे मरतील, त्यांच्या आयांना मी काय सांगू?" कासव म्हणालं. तेही खोटं नव्हतं.

लेक धावत शाळेत गेली. "बाई, कमळाखालच्या चिखलात तुम्ही तो अमीबा दाखवला होता. एकाच पेशीचा जीव. तो असले कण खातो म्हणाला होतात ना? मग तो चिखल तळ्यात सगळीकडे पसरला तर?"

"खातो असं मी म्हणाले," गोगलगाय म्हणाली. "तू पाहिलंस का?"

"नाही."

"मग आधी पाहा, आणि मग दुसऱ्याला दाखव."

लेकीनं पळसाच्या पानाचा द्रोण केला, त्यात तळ्याचं पाणी घेतलं, वर कमळाखालच्या चिखलाचा थेंब सोडला आणि दिवसभर राखण करत बसली. संध्याकाळी पाणी नितळ झालेलं! ती उड्या मारत कासवाकडे गेली. कासवानं द्रोणात डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "अगं पोरी, गढूळ पाणी ठेवून दिलं की गाळ खाली बसतोच. हे तुझ्या अमीबानं खाल्लं, की आपलं आपण बसलं?"

"दिवसभर पाण्याची झोप राखली म्हणायची!" खेकडा हसला.

लेक रडली. गोगलगाय तिच्याजवळ बसून राहिली. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "कण कुठं गेला ते कळायला काय हवं?"

लेकीनं वर पाहिलं. मावळतीच्या उन्हात पळस पेटल्यासारखा दिसत होता. ती हळूच म्हणाली, "रंग हवा, बाई. कण रंगवला तर कुणाच्या पोटात गेला ते दिसेल. आणि... आणि अजून एक द्रोण हवा. अगदी तसाच. फक्त त्यात अमीबा नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी खेकड्यानं दोन सारखे द्रोण करून दिले. दोन्हींत झऱ्याचं पाणी, दोन्हींत मोहाच्या त्या पांढऱ्या कणांचा सारखाच फेस, पळसाची फुलं कुस्करून लाल केलेला. मग एका द्रोणात चिखलाचा एक थेंब पडला.

"झालं!" खेकडा म्हणाला.

"नाही झालं, दादा. ह्यात एक थेंब जास्त आला. दुसऱ्यात झऱ्याच्या पाण्याचा तेवढाच थेंब टाका."

"एवढ्याशा थेंबानं काय होतंय गं?"

"आजोबा नेमकं तेच विचारतील."

खेकडा पुटपुटत गेला, पण थेंब घेऊन आला. दोन्ही द्रोण एकाच सावलीत ठेवले.

तिसऱ्या दिवशी उन्हं यायच्या आत सगळे खेकडे नांग्या परजून बांधावर उभे राहिले. कासव आलं. पाहतं तर दोन्ही द्रोण वरून सारखेच नितळ! बेडकीण पिल्लांकडे धावली. पण लेक घाबरली नाही. तिनं चिखल घातलेल्या पहिल्या द्रोणाच्या तळचा थेंब कमळपानावर ठेवला आणि त्यावर दवबिंदू लटकलेलं गवताचं पातं वाकवलं. "यातून पाहा, आजोबा. लहानाचं मोठं दिसतं."

कासवानं एक डोळा मिटला. दवाच्या आत एक वेगळंच तळं होतं. तिथं एक जीव संथ वाहत होता. त्याला ना तोंड, ना हात. लाल कण जवळ आला, तसा त्यानं अंगाचाच एक पदर पुढं केला, पलीकडून दुसरा. आई लेकराला कुशीत घेते तसे दोन्ही पदर मिळाले आणि कण आत गेला. आत आधीच कितीतरी कण लुकलुकत होते, काचेच्या घरात दिवे लावल्यासारखे.

मग कासवानं दुसऱ्या द्रोणाचा थेंब पाहिला. तिथं लाल कण नुसतेच पडून होते.

"आता दोन्ही ढवळ," कासव म्हणालं.

लेकीनं काडीनं ढवळलं. दुसरा द्रोण पुन्हा लालभडक गढूळ झाला. पहिला मात्र नितळच राहिला.

कासव बांधाकडे वळलं आणि ओरडलं, "नांग्या खाली! चिखल वाहायला लागा!"

खेकड्यांनी कमळाखालचा चिखल तळ्याच्या कानाकोपऱ्यात नेऊन सोडला. रोज पाणी थोडं थोडं उजळत गेलं, मासे एकेक करून जागे झाले, पाणकोंबडी लाजत आपल्या घरट्यात परतली. नवव्या सकाळी बेडकिणीनं कमळाच्या पानावर बसून मोजलं, तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पिल्लं नव्या पायांनी तिच्याभोवती चढून आली होती. कासवानं झऱ्याखालचा गार कोपरा त्या घराला कायमचा राहायला दिला.

तात्पर्य : आपलं म्हणणं खरं असावं असं वाटणं पुरेसं नसतं, ते खोटं असेल तर कळावं म्हणून शेजारी दुसरा द्रोणही मांडावा. त्यातून जे टिकतं, त्याच्यावरच जीव सोपवावा.