महाराजांचा न बुडणारा चेंडू

“उद्या कोण जिंकणार ते आत्ताच्या आत्ता सांग! एकच नाव! चुकलीस तर परवा झोपडी रिकामी कर!”

सोनगिरीचे महाराज कडाडले आणि शामियान्यातले चहाचे कप ओठांपाशीच थांबले.

तानीचा गुन्हा एवढाच, की ती हसली होती. गोल्फ खेळणाऱ्याची काठी जमिनीला लागली की गवत उपटून खळगा पडतो. असे खळगे वाळूने भरायचं तिचं काम. वाळूची पाटी घेऊन ती शामियान्याजवळून चालली होती आणि आत राजज्योतिषी बोटं मोजत सांगत होते, “ग्रह स्वच्छ बोलतायत. उद्याही महाराजच!” तेवढ्यात हिला हसू फुटलं.

उद्या पन्नाशी ओलांडलेल्यांचा मोठा सामना होता. ज्यांचं पोटच गोल्फवर चालतं असे तीन नावाजलेले म्हातारे लांबून आले होते. महाराज काही पोटासाठी खेळत नव्हते. पण चेंडू घालायच्या अठरा भोकांचं, म्हणजे होलांचं, मैदान त्यांचं, करंडक त्यांचा, आणि बारा वर्षं तो करंडक राजवाड्याबाहेर गेलाच नव्हता.

“बोल! या पाहुण्यांना खेळताना पाहिलंयस तरी का?”

“खेळताना नाही, जी. पण आठ दिवस यांचेच खळगे भरतेय.”

“ऐका! आता पाटीवाली भविष्य सांगणार!” ज्योतिषी खिदळले.

“सांगते की! हे दिलेरसिंग सरदार, वय एकसष्ट. यांच्या एका खळग्यात माझी शेळी बसेल! चेंडू लांब जातो, पण खळग्यांची तोंडं सगळी डावीकडे. आज सकाळी बाभळीत यांचे तीन चेंडू सापडले आणि शिव्या खाल्ल्या बिचाऱ्या बाभळीने!”

मिशीला पीळ देणारा सरदारजींचा हात तिथेच थांबला.

“हे मॅकरी साहेब. अठरांपैकी पहिल्या नऊ होलांवर यांचे खळगे दोरी लावून काढल्यासारखे. पुढे साहेबांचा गुडघा बोलायला लागतो. मग काठी चेंडूच्या आधी चार बोटं जमिनीत! सामना जेवणाच्या सुट्टीत संपला असता तर साहेबांना तोड नव्हती.”

कुणीतरी साहेबांच्या कानात अर्थ सांगितला. साहेब गुडघा चोळत हसले.

“आणि हे हुसेनभाई. यांचे खळगे मला सापडतच नाहीत! गवताला नुसती फुंकर. आठ दिवसांत यांच्यापायी पाटीभर वाळू लागली नाही. उद्या हुसेनभाई जिंकणार!”

हुसेनभाईंनी घाबरून मान खाली घातली.

“आणि आम्ही?” महाराजांनी हळूच विचारलं. महाराज ओरडले तर बरं, हळू बोलले तर वाईट, हे सगळ्या संस्थानाला ठाऊक होतं.

“महाराजांना सातव्या होलावरचं तळं ओलांडायचंय, जी.”

“बारा वर्षं ओलांडतोय! आमचा एक चेंडू बुडालेला नाही!”

“खरंय, महाराज. बारा वर्षांत आपला एकही चेंडू बुडाला नाही. बुडाला तो फक्त माझा भाऊ.”

तिचा भाऊ हैबती हा महाराजांचा कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा. महाराजांचा चेंडू पाण्यात पडला की कॅडीने बुडी मारायची, चेंडू काढून पलीकडच्या गवतात ठेवायचा आणि ओरडायचं, “सापडला! काठावरच होता!” गेल्या साली हैबती गाळात रुतला. वर काढला तेव्हा चेंडू त्याच्या मुठीत होता. कुणीतरी मूठ उघडली, चेंडू गवतात ठेवला आणि डाव पुढे सुरू झाला. महाराज जिंकले. वाद्यंसुद्धा वाजली.

“म्हणजे आम्ही कॅडींच्या जिवावर जिंकतो म्हणतेस?”

“मी कुठं म्हणते? उद्या तळ्यात माणूस उतरणार असेल तर ज्योतिषीबुवा बरोबर, मी चूक. झोपडी आत्ताच घ्या!”

पाहुणे टक लावून बघत होते. महाराज ताडकन उठले. “दिवाणजी, दवंडी पिटा! उद्या तळ्यात जो उतरेल तो थेट तुरुंगात! मग बघू कुणाचं भविष्य खरं!”

तानीने पाटी उचलली. “मग मी आजच झोपडी शाकारायला घेते, जी!”

दुसऱ्या दिवशी सातव्या होलावर महाराजांनी काठी फिरवली. डुबुक!

दहा कॅडी काठावर हाताची घडी घालून उभे.

“बघता काय? सापडला का?” महाराज सवयीने ओरडले.

“सापडेल की, महाराज,” एक म्हातारा कॅडी म्हणाला. “पण तुरुंगात आधी कोण जाणार तेवढं सांगा!”

दुसरा चेंडू. डुबुक! तिसरा. चौथा. पाचव्यानंतर पंचांनी वही मिटली. सरदारजी बाभळीत शिरले, साहेब चौदाव्या होलावर खुर्ची मागून बसले आणि संध्याकाळी करंडक हुसेनभाईंच्या हातात गेला.

महाराजांनी तानीला बोलावलं.

“आमचाच हुकूम आमच्याच गळ्यात बांधलास! माग, काय हवं?”

“तोच हुकूम, जी. कायमचा. दगडावर कोरून.”

“म्हणजे आम्ही जन्मभर हरायचं?”

“छे! हुसेनभाईंना शिकवायला ठेवून घ्या. आणि माझी पाटी द्या ज्योतिषीबुवांना. वर्षभर खळगे भरले तर पुढच्या साली त्यांचं भविष्य चुकायचं नाही!”

बुवांचा चेहरा बघून महाराजांना असं काही हसू लोटलं, की पगडी सुटून गवतात पडली. हसता हसताच त्यांनी झोपडीची जागा तानीच्या नावावर केली आणि पाथरवटाला बोलावणं धाडलं.

आठ दिवसांत तळ्याकाठी दगड उभा राहिला. वर हैबतीचं नाव. खाली महाराजांचा हुकूम: इथून पुढे या तळ्यात फक्त चेंडू बुडतील.