चांद्याच्या शीची साक्ष

फार पूर्वी एका माळावर मेंढपाळांचा तळ पडला होता. कळपाची राखण करायला चांद्या नावाचा कुत्रा होता आणि चांद्याची काळजी घ्यायला एक म्हातारी. ती रोज सकाळी त्याची शी निरखून बघायची. लोक फिदीफिदी हसायचे. हसोत बापडे, म्हातारी बधणारी नव्हती.

मेंढ्या व्याल्या आणि तळावर चीक उतू जायला लागला. तळाचा कारभारी लाडाने रोज वाडगाभर चीक चांद्यापुढे ठेवू लागला. दुसऱ्याच दिवशी म्हातारी म्हणाली, "कारभारी, कुत्र्याला हगवण लागलीया. चीक बंद कर."

"चांगलंचुंगलं खाऊन कुणाला काय हुतंय?" म्हणत कारभाऱ्याने वाडगा आणखी भरला.

चौथ्या दिवशी एक कोकरू नाहीसं झालं. पाचव्या दिवशी सकाळी झुडपात त्याची लोकर सापडली, आणि शेजारीच चांद्या बसलेला. कारभाऱ्याने कुऱ्हाड उचलली. "राखणदारच खायला लागला. आता ह्याला ठेवायचा न्हाई."

म्हातारी चांद्यावर आडवी पडली. "आधी माझ्यावर घाव घाल."

"बाजूला हो, आजे!"

"न्हाई हटणार. कोकरू खाल्लं आसंल तर पोटातनं कुठं जाईल? चल, दावते."

सगळे नाक दाबून तिच्यामागे गेले. तिने काडीने चांद्याची शी उकरली.

"लोकर दिसती? हाडाचा कण तरी? नुसतं पिवळं पाणी आन् आव. ह्यो तुझा चीक हाय, कारभारी! पोट दुखतंय म्हणून हा सारखा झुडपात पळत हुता, तवा लांडग्यानं डाव साधला. सांगितलं हुतं का न्हाई तुला?"

तिने झुडपापलीकडे ओल्या मातीत उमटलेली लांडग्याची पावलं दाखवली. तिकडे कुणी बघितलंच नव्हतं. कारभाऱ्याने कुऱ्हाड खाली ठेवली. त्याला फार लाज वाटली.

म्हातारीने चांद्याला एक दिवस नुसतं पाणी दिलं, मग थोडी थोडी भाताची पेज. चार दिवसांत शी घट्ट झाली. पुढे काही दिवसांनी लांडगा पुन्हा आला, तेव्हा चांद्याने त्याला टेकडीपार पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी स्वतःच झुडपामागे वाकलेला दिसला. एकजण खो खो हसला. "कारभारी, काय हुडकताय?"

"राखणदाराची तब्येत बघतोय," नाकाला हातही न लावता कारभारी म्हणाला. "तुला हसायचं तर हस."

तात्पर्य: मुक्या जिवावर हात उचलण्याआधी त्याच्या पोटाचं म्हणणं ऐका. नाक दाबायचं तर दाबा, पण डोळे मिटू नका.