घरटी एक बंदूक

वेळगड संस्थानात मारामाऱ्या फार वाढल्या, तेव्हा सरदार रणखांबे मिशीवर ताव देत दरबारात म्हणाले, "सरकार, घरटी एक बंदूक द्या. समोरच्याकडेही बंदूक आहे म्हटल्यावर कोण कुणावर हात उगारेल?"

तरुण राजांना ते पटलं. हुकमावर शिक्का उठणार, एवढ्यात त्यांच्या आत्यासाहेब सगुणाबाई बोलल्या, "सरदार, काल शेजारच्या वाघचौऱ्यांच्या शेळीनं तुमचा मोगरा खाल्ला, आणि तुम्ही दोघं भर रस्त्यात एकमेकांच्या झिंज्या धरून लोळलात म्हणे. तेव्हा दोघांकडे बंदुका असत्या तर?"

मोगऱ्याच्या आठवणीनं सरदारांचं पित्त खवळलं. "तर त्याला तिथंच उडवला असता!"

मागच्या रांगेतून वाघचौरे ताडकन उठले. "अरे जा! त्याआधी मी तुला उडवला असता!"

दरबारात हशा पिकला. दोघंही चपापून खाली बसले.

"ऐकलंत ना, राजे?" आत्यासाहेब शांतपणे म्हणाल्या. "काल बंदुका नव्हत्या, म्हणून आज हे दोघं इथं भांडताहेत. असत्या, तर आपण दोघांचं सुतक पाळत बसलो असतो."

राजांनी हुकूम टराटरा फाडला.