मातीच्या वाणाची कहाणी

ऐक संक्रांतमाये, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं संक्रांत आली की बायका मातीची सुगडं पुजीत. सुगडात ओला हरभरा, बोरं, उसाचं कांडं, मूठभर तीळ. तेच वाण. रथसप्तमीपर्यंत ही तिच्या दारी जाई, ती हिच्या दारी येई. हळद लागे, कुंकू लागे, कुणाच्या घरी काय दुखतंखुपतं ते कळे. दिवसाउजेडी दाराला कडी नसे.

त्या नगरात येसाई नावाची कुंभारीण राही. नवरा नि मुलगा चाक फिरवीत, येसाई सुगडं भाजी. शिवाय ती सुईण होती. अर्धं नगर तिच्या हातांवर जन्मलं होतं.

तिथंच एक नगरशेट होता, त्याची बायको हेमावती. एके वर्षी राणीनं तिला हळदीकुंकवाला बोलावलं. हेमावती नटली, सजली, मेण्यात बसून गेली. दासीनं तिला मागं बसवलं, दाराशी काढलेल्या जोड्यांपाशी. पुढं गालिच्यावर बसलेल्यांना राणीनं चांदीचे करंडे दिले. हेमावतीला दिली पितळेची वाटी. घरी आली, जेवली नाही. मग म्हणाली, "त्या गालिच्यावर बसेन, तरच नावाची हेमावती."

मग तिनं काय केलं? पहिल्या संक्रांतीला पितळेच्या वाट्या वाटल्या. दुसऱ्या संक्रांतीला तांब्याच्या घागरी वाटल्या. तिसऱ्या संक्रांतीला चांदीचे करंडे वाटले. वर म्हणाली, "माती माझ्या दारात आणू नका. तोलामोलाचं देईल तिनंच माझा उंबरा चढावा."

बायांनो, तेव्हाच तोंडावर सांगायचं होतं, तुझी चांदी तुला लखलाभ! पण कुणी सांगितलं नाही. साळ्याच्या बायकोनं माग विकला. गवळणीनं दुभती म्हैस विकली. सोनारणीनं अंगावरचं विकलं, सुनेच्या हातच्या पाटल्याही ओढून काढल्या. मग विकायला काही उरलं नाही. मग नगरात दारं लागली. कडी वाजली की बायका दचकत. कुणी आलं म्हणजे वाण द्यावं लागणार!

येसाईची सुगडं कोण घेणार? ढीग पडून राहिला. नवरा नि मुलगा मडकी घेऊन परमुलखात गेले. घरी येसाई नि तिची सून तुळसा, दिवस भरलेली.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी तुळसाला कळा लागल्या. मूल आडवं आलं. येसाईनं नाना खटपट केली. पण एकीनं धरायचं, एकीनं फिरवायचं, दोन हातांनी काय होणार? मग ती धावली. साळ्याच्या बायकोची कडी वाजवली. ती माजघरात पळाली, कानांवर हात ठेवून बसली. गवळणीची कडी वाजवली. आतून पोर म्हणाली, "आई घरी नाही." सोनारणीची कडी वाजवली. येसाई ओरडली, "अगं, सून अडली माझी! दोन हात दे, वाण नको मला!" सोनारणीनं सगळं ऐकलं. पण गळा उघडा, हात उघडे, चार बायांत जायचं कसं? ती उठली नाही.

येसाई परत आली. तुळसा कशीबशी वाचली. लेकरू गेलं.

त्या वेळी संक्रांतमाय नगरावरून चालली होती. कुंभारवाड्यातलं रडणं ऐकलं. पाऊल थांबलं, डोळे लाल झाले. तिनं म्हातारीचं रूप घेतलं, हाती एक सुगड घेतलं, हेमावतीच्या दारी आली. म्हणाली, "बाई, मूठभर तिळाचं वाण घाल." हेमावती म्हणाली, "माती घेऊन कुठं आलीस? हाकला हिला." तीनदा मागितलं, तीनदा हाकललं. मग म्हातारीनं सुगड उंबऱ्यावर आपटलं. "चांदीचं कुंकू केलंस ना? आता तुझ्या कपाळी कुणाचं कुंकू लागणार नाही!" हेमावती हसली. दासीला म्हणाली, "खापरं झाडून टाक."

रथसप्तमी उजाडली. राणीचा मेणा दारात आला. "पुढच्या गालिच्यावर बसायला या." त्याच वेळी हेमावतीची लेक पद्मिनी, पहिलटकरीण, माहेरी आलेली, तिला कळा सुरू झाल्या. लेक म्हणाली, "आई, आज जाऊ नकोस." हेमावती म्हणाली, "पहिलटकरणीला वेळ लागतो. दासी आहेत. आत्ता जाते नि आत्ता येते."

गेली. गालिच्यावर बसली. राणीनं कुंकू लावलं, ते गळून मांडीवर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा पडलं. बायका सरकून बसल्या. राणी म्हणाली, "अपशकुनी कुठली! उठवा हिला."

हेमावती रडत घरी आली. तर लेक तळमळते आहे, दासी हात चोळीत आहेत. हेमावती अनवाणी धावली. साळ्याचं दार लागलेलं. गवळ्याचं दार लागलेलं. सोनाराचं दार लागलेलं. कुणी कडी काढीना. मग कुंभारवाड्यात आली. येसाईचं दार तेवढं उघडं होतं.

"येसाई, लेक अडली गं माझी!"

येसाई उठली. म्हणाली, "माझी सून अडली तेव्हा मी तीन दारं ठोठावली. ती दारं तू लावलीस. माझं नातवंड मी या हातांनी पुरलं. आणि आज तुला मी आठवले?" हेमावतीनं पाय धरले. "पाय सोड! पाय धरून माझं लेकरू उठणार आहे का? चल पुढं. तुझ्यासाठी येत नाही, त्या पोरीसाठी येते."

वाटेत येसाईनं दारांवर लाथा घातल्या. "निघा बाहेर! त्या दिवशी लाज राखलीत, लेकरू घालवलंत. आज तरी हात द्या!" बायका निघाल्या, उघड्या गळ्यांनी, माना खाली घालून. एकीनं धरलं, एकीनं पाणी दिलं, येसाईनं मूल फिरवलं. पद्मिनी सुटली. मुलगी झाली.

हेमावतीनं म्हातारीची गोष्ट सांगितली, विचारलं, "माझ्या कुंकवाचं काय?" येसाई म्हणाली, "जिला हाकललंस तिला विचार." मग हेमावती म्हातारीला शोधत वेशीवर गेली. तिथं म्हातारी बसली होती. म्हणाली, "वर्षभर कोऱ्या कपाळानं राहा. बायकांनी जे विकलं ते परत कर. येत्या संक्रांतीला सुगडं डोईवर घे, अनवाणी चाल, दारोदार पदर पसर, मूठभर वाण माग, मूठभर दे. उतू नको, मातू नको, वसा टाकू नको."

हेमावतीनं माग सोडवून दिला. म्हैस आणून दिली. पाटल्या घडवून दिल्या. येसाईला काय परत देणार?

वर्ष सरलं. संक्रांत आली. हेमावती येसाईची सुगडं डोईवर घेऊन निघाली. नगरभर फिरली. दारं उघडली, वाण मिळालं. बायकांनी कुंकू लावलं, ते गळून पडलं. शेवटी येसाईच्या दारी आली. येसाई उंबऱ्यापर्यंत आली. मग बोट कुंकवात बुडवलं. "कुंकू देवीचं आहे, म्हणून लावते. राग माझा आहे, तो माझ्यापाशी राहील." कुंकू लागलं, ते टिकलं.

मग नगरात पुन्हा मातीचं वाण सुरू झालं. हेमावतीच्या दारी साऱ्या बायका आल्या. येसाई आली नाही. दुसऱ्या वर्षी आली नाही. तिसऱ्या वर्षी आली, दाराशी बसली, मूठभर तीळ पदरात घेतले, उठून गेली. संक्रांतमायेनं तिला बोल लावला नाही. बायांनो, तुम्हीही लावू नका.

जशी हेमावतीवर माय कोपली तशी कुणावर न कोपो. जशी पद्मिनी सुटली तशा तुमच्या आमच्या लेकीसुना सुटोत. जसं येसाईचं लेकरू गेलं तसं कुणाचं न जावो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.