हणमव्वाची डुकरीण

हुं… हुं… हुं…

घशातल्या घशात निघणारा तो मऊ आवाज विश्वंभरनं फार पूर्वी ऐकला होता. तो लहान असताना परसामागं वडारांची पालं पडायची. सांजेला बाया खडी फोडून परतल्या की डुकरं असं हुंकारत त्यांना सामोरी जायची. विश्वंभरचे वडील लगेच खिडकी लावून घ्यायचे.

आज तोच आवाज ओढ्याकाठच्या धुनीपाशी आला. शेजारच्या पालातली वडारीण हणमव्वा कामावरून परतली होती, आणि तिची डुकरीण तिच्याकडं धावत सुटली होती.

"याला काय माया म्हणायचं, महाराज?" त्यानं विचारलं.

नागगिरी बुवा धुनीतली राख सारखी करत होते.

"कशाला?"

"त्या डुकरिणीच्या धावण्याला. हणमव्वा दिसली की सुटलीच. खरकटं मिळतं म्हणून. दुसरं काय!"

"असेल."

"आणि माझं काय? इतकी वर्षं तुमच्या पायाशी आहे. मंत्र कधी देणार?"

बुवांनी पालाकडे हाक दिली. "हणमव्वा, आज खरकट्याचा डबा याच्या हाती दे गं."

हणमव्वा कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "यांच्या? आन् शिवाशिव झाली म्हंजे?"

"ओढा कुठं आटलाय? अंघोळ करील."

विश्वंभरनं धोतर आवरलं. पत्र्याचा डबा लांब धरून नेला आणि डुकरिणीपुढं ठेवला. ती मचमच करत जेवली. डबा चाटूनपुसून साफ केला. तो तिथंच उभा राहिला…

डुकरिणीनं मान वर केली आणि त्याच्या बाजूनं पुढं निघून गेली.

हणमव्वा दगडावर बसली होती. हात रिकामे. डुकरिणीनं तिच्या तळव्यात नाक खुपसलं, हुंगलं. मग तिच्या पायाशी कुशीवर अंग टाकलं आणि पोट पुढं केलं.

हुं… हुं…

"बघा की बुवा," पोट खाजवत हणमव्वा म्हणाली, "म्या आले तर आमचा मालक मान बी वर करत न्हाई!"

विश्वंभर ओढ्यात बुडी मारून परतला. ओल्या अंगानंच धुनीपाशी बसला.

"माझ्या हातचं खाल्लं, महाराज. आणि…"

"कान इकडे कर."

त्याला आधी समजलंच नाही. मग तो घाईनं पुढं सरकला. बुवा त्याच्या कानात हळू काही बोलले. दोनच शब्द. विश्वंभरचे डोळे भरून आले. कितीतरी वेळ त्यानं ते मिटून ठेवले…

"मिळालं?"

"मिळालं, महाराज."

"मग आता कशाला बसलास?"

विश्वंभरनं मान वळवली.

पलीकडं डुकरीण झोपली होती. मुस्कट हणमव्वाच्या पावलावर.

तो उठला, आणि ओढ्याच्या कडेनं चालू लागला.